ट्वीडकाठचा उतार

बेळगावहून निघताना सौभाग्यवतींनी तीन गोष्टी आमच्या हवाली केल्या. पहिली, दोन किलो कुंदा. दुसरी, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. तिसरी गोष्ट वजनाला काहीच नव्हती, पण तिन्हींत जड तीच होती. चिरंजीवांना द्यावयाचा तो एक निरोप होता : "ते सायकलवरून डोंगर उतरणं आता पुरे झालं म्हणावं. माझं नाही ऐकत, तुमचं ऐकेल."

मुख्याध्यापकाचे सारे जग ऐकते, असा घरच्या मंडळींचा एक समज असतो. तो आम्ही आजवर मोडलेला नाही.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त चार वर्षांपासून स्कॉटलंडच्या राजधानीत, एडिंबरो येथे असतात. तेथे त्यांना डोंगरी सायकलींच्या शर्यतींचा नाद लागला. मागल्या ऑक्टोबरात अशाच एका शर्यतीत पडून त्याचे हासळीचे हाड मोडले. ही वार्ता आम्हांला कळली ती हाड जुळून आल्यावर, सहा आठवड्यांनी. त्या सहा आठवड्यांत तो दर रविवारी फोनवर बोलत होता, हसत होता, आणि हात गळ्यात अडकवलेला असल्याचे चकार शब्दाने सांगत नव्हता. सौभाग्यवतींना हाड मोडल्यापेक्षा हे लपवणे अधिक लागले. म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत, शाळा उघडण्यापूर्वी परतण्याच्या बोलीवर, आमची रवानगी झाली.

त्याच्या एका खोलीच्या बिऱ्हाडात शिरलो तो समोर भिंतीला टेकून ती उभी. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, घंटी नाही. टायर मात्र मोटारसायकलीला शोभतील असे जाड आणि खडबडीत. या जातीच्या सायकलीला त्या मंडळींत 'हार्डटेल' म्हणतात, म्हणजे कडक शेपटीची. पुढच्या चाकाला दबणारा फोर्क असतो. मागचे चाक मात्र आपल्या दूधवाल्याच्या सायकलीप्रमाणे थेट सांगाड्यातच घट्ट बसवलेले. उताराच्या शर्यतींत बहुतेक स्पर्धक दोन्ही चाकांना धक्के गिळणारी व्यवस्था असलेली सायकल आणतात. तिचे मागचे चाक दगडावर आपटले की पंधरा-सोळा सेंटिमीटरपर्यंत स्वतःच वर सरकते, आणि स्वारापर्यंत धक्क्याचा थोडाच भाग पोचतो. हार्डटेलवर ती सोय नाही. तेथे धक्का चाकातून सांगाड्यात, सांगाड्यातून पॅडलवर, आणि पॅडलवरून घोट्यात, गुडघ्यात, कमरेत असा पुरा हिशेब चुकता करीत वर येतो.

"मग ती दुसरी का घेत नाहीस?" आम्ही विचारले.

"बाबा, तिची किंमत सांगितली तर तुम्हांला कुंदा गोड लागणार नाही," तो म्हणाला. "शिवाय तिच्या मागच्या सांध्यांत बेअरिंगं असतात. इथल्या चिखलात ती खराब होतात, मग पुन्हा खर्च. हिच्यात बिघडण्यासारखं फारसं काही नाहीच."

मग त्याने एकेक अवयव दाखवला. पॅडलपाशी दात्यांचे चक्र एकच. मागे मात्र लहानमोठी बारा. ब्रेक तेलाच्या दाबाने चालणारे, एका बोटाने लागणारे. हँडलवरची एक खटकी दाबून अंगाचा भार टाकला की सीट खाली बसते. उतारावर ती आड येऊ नये म्हणून ही योजना. टायरांत ट्यूब नाही. आत पातळ डिंकासारखा द्रव, लहान भोक पडले तर ते बुजवणारा. मागच्या टायरात फोमचे एक कडे, कारण हार्डटेलवर सर्वांत जास्त मार खाते ते मागच्या चाकाची रिम. आम्ही सारे ऐकून घेतले. निरोप मात्र खिशातच राहू दिला. आधी पाहावे, मग बोलावे, असे ठरवले.

रविवारी शर्यत होती. शनिवारी सकाळी त्याच्या एका मित्राच्या व्हॅनमधून आम्ही दक्षिणेकडे निघालो. तासाभरात ट्वीड नदीच्या खोऱ्यात उतरलो आणि पीबल्सवरून इनरलीदन या गावी पोचलो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना गॉर्स नावाची काटेरी झुडपे पिवळ्याधमक फुलांनी लगडलेली होती. व्हॅनची काच खाली केली तेव्हा खोबऱ्याचा वास आला. आम्हांला वाटले, डब्यातली चटणी सांडली. पण तो वास त्या फुलांचाच होता. एवढ्या लांब येऊन पहिली ओळख निघाली ती खोबऱ्याची!

या मुलखाचे नावच 'स्कॉटिश बॉर्डर्स', म्हणजे सीमाभाग. हा शब्द कानी पडला की बेळगावकराचे कान टवकारतात. स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यामध्ये हा प्रदेश शतकानुशतके खेचला गेला. ट्वीडच्या मुखाशी बेरिक नावाचे गाव आहे. ते या राज्याकडून त्या राज्याकडे तेरा वेळा गेले असे सांगतात. १४८२ पासून ते इंग्लंडकडे आहे. एके काळी या खोऱ्यातली माणसे घोड्यावर बसून रात्री एकमेकांची गुरे पळवीत. आज त्याच टेकड्यांवर तरुण माणसे सायकली पळवतात, आणि संध्याकाळी एका बाकावर बसून एकमेकांची पंक्चरे काढतात. सीमेवरच्या माणसाला यापेक्षा चांगला शेवट सुचणार नाही.

इनरलीदन हे तसे लहानसे गाव. सर वॉल्टर स्कॉट याच्या 'सेंट रोनन्स वेल' या कादंबरीमुळे येथल्या औषधी पाण्याच्या झऱ्याचे नाव झाले. अठराव्या शतकाच्या अखेरीस येथे लोकरीची गिरणी उभी राहिली आणि गावाचे पोट दीर्घकाळ लोकरीवर चालले. पुढे गिरण्या बंद पडल्या. आता गावात ठिकठिकाणी सायकली दिसतात : उपाहारगृहाच्या दारात, कुंपणाला टेकलेल्या, नळाखाली धुतल्या जात असलेल्या. जगातल्या नामांकित स्पर्धकांची एंड्युरो मालिका २०१३ साली इटलीत सुरू झाली, आणि दुसऱ्याच वर्षी, २०१४ मध्ये, ती या खोऱ्यात आली. २०२३ साली जागतिक सायकल स्पर्धांपैकी डोंगरी सायकलींच्या काही शर्यती जवळच्याच ग्लेनट्रेसच्या अरण्यात झाल्या. गिरणीचा भोंगा गेला. पण गाव ओस पडले नाही.

येथे वाचक विचारतील, एंड्युरो म्हणजे काय? आम्हीही तेच विचारले होते. एका दिवसात डोंगरावरून चार-पाच उतार उतरायचे. प्रत्येक उताराला तीन-चार किंवा त्याहून थोडी अधिक मिनिटे लागतात. घड्याळ चालते ते फक्त उतारावर. एक उतार संपला की पुढच्या उताराच्या माथ्यावर स्वतःच पॅडल मारीत जायचे; त्या चढाला गुण नाहीत, मात्र ठरल्या वेळेत वर पोचले पाहिजे. सर्व उतारांच्या वेळांची बेरीज ज्याची कमी, तो जिंकला. म्हणजे दिवसभराच्या चार-पाच तासांच्या मेहनतीत हिशेबात धरली जातात ती वीस-पंचवीस मिनिटे. आम्हांला हे ऐकून आमची परीक्षापद्धती आठवली. तेथेही वर्षभराचा चढ कोणी मोजीत नाही.

डोंगर उतरण्याच्या या खेळाचे मूळ अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात सांगतात. तेथील काही तरुण जुन्यापान्या, जाड टायरांच्या सायकली टेकडीवर नेऊन तेथून खाली सुटत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी घड्याळ लावून पहिली शर्यत घेतली. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असे. उतरता उतरता तो इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे, आणि खाली पोचल्यावर ते पुन्हा भरावे लागे. त्यावरून त्या वाटेचे नावच 'रीपॅक' पडले. दबणारे फोर्क वगैरे सारे नंतरचे. आरंभी प्रत्येकाची शेपटी कडकच होती, आणि मानही.

पण आमचे मन रमले ते याहून जुन्या एका कथेत. जॉन बॉइड डनलॉप हा मूळचा स्कॉटलंडचा, बेलफास्टला जनावरांचा डॉक्टर होता. त्याचा लहान मुलगा भरीव चाकांच्या तीनचाकीवर बसून दगडी रस्त्यावर हादरे खाई. बापाने रबराच्या नळीत हवा भरून ती चाकांना बसवली, आणि १८८८ साली त्याचे पेटंट घेतले. हवेच्या टायरची कल्पना रॉबर्ट थॉमसन या दुसऱ्या एका स्कॉटिश गृहस्थाला चाळीसएक वर्षे आधी सुचली होती, हे पुढे उघडकीस आले आणि पेटंट टिकले नाही. तरी मुलाला हादरे बसू नयेत म्हणून चाकात हवा भरणारा बाप आम्हांला विसरता येईना. आमच्या खिशात निरोप होता, आणि तोही एका अर्थी हवा भरण्यासाठीच होता.

रविवारी सकाळी ढग खाली उतरले होते, पण पाऊस नव्हता. गावाच्या वरच्या अंगाला गोल्फचे मैदान आहे. त्याच्या मागच्या टेकडीला स्वार मंडळी लाडाने 'गोल्फी' म्हणतात. तिच्या अंगावरून अरुंद, वळणावळणाच्या कितीतरी पायवाटा खाली उतरतात. त्यांतल्या पुष्कळशा गावच्याच माणसांनी सुट्टीच्या दिवशी कुदळ-फावडी घेऊन घडवलेल्या आहेत. स्कॉटलंडात २००३ च्या कायद्याने सर्वांना मोकळ्या जमिनीवरून जबाबदारीने चालण्याचा आणि सायकल चालवण्याचा हक्क दिला आहे. जमीन कोणाचीही असो. डोंगर एकाचा आणि वाट सर्वांची, ही गोष्ट आम्हांला फार आवडली.

चिरंजीव हँडलला नंबराची पाटी बांधून निघून गेले. गुडघ्यांना पट्टे, डोक्याला हनुवटीपर्यंत येणारे हेल्मेट. आम्ही काठी घेऊन तिसऱ्या उताराच्या मध्यावर, त्याने सांगितलेल्या जागी, तासभर चढून गेलो. तेथे स्प्रूसच्या झाडांची दाटी होती. हे झाड मूळचे उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनला लाकडाची टंचाई भासली, म्हणून १९१९ साली सरकारने जंगले लावण्यासाठी स्वतंत्र खाते काढले, आणि पुढे अशा टेकड्या या परक्या झाडाने भरून गेल्या. ओल्या, पातळ मातीत त्याची मुळे खोल जात नाहीत; जमिनीलगत पसरतात. म्हणूनच नोव्हेंबर २०२१ च्या आर्वेन वादळात या भागात अशी झाडे रांगेने आडवी झाली. आणि म्हणूनच वाटेवर सर्वत्र मुळ्यांची जाळी उघडी पडलेली असते : हाताच्या मनगटाएवढी जाड, ओली, सालपटे निघून गुळगुळीत झालेली. त्यांवर चाक तिरके पडले की ते साबणावर पडल्यासारखे निसटते.

आम्ही उभे होतो तेथे अशा मुळ्यांचा एक मोठा जुडगा वाटेत आडवा होता. ठराविक अंतराने एकेक स्वार येई. आधी वरच्या झाडीत सरसर आवाज, मग ब्रेकची किंचाळी, मग डोळ्यांसमोरून काहीतरी गेल्याचा भास. दोन्ही चाके दबणाऱ्या सायकली त्या जुडग्यावरून सरळ जात. मागचे चाक वरखाली नाचे, पण स्वाराचे डोके जवळपास एका रेषेत राही. जागोजागी शिट्टी आणि झेंडा घेतलेले स्वयंसेवक उभे होते. आमच्या शेजारच्या बाईंनी विचारले, "तुमचे कोणी आहे का?" आम्ही नंबर सांगितला. त्या म्हणाल्या, "अजून पाचवा."

त्या पाचांतला तिसरा आमच्या समोर पडला. मुळीवरून चाक निसटले आणि तो खांद्यावर आपटला. शिट्टी वाजली, झेंडा हलला. आमच्या हातातली काठी गळून पडली होती, हे आम्हांला मागाहून कळले. तो मुलगा उठला, हात फिरवून पाहिला, सायकल बाजूला ओढली आणि आमच्याकडे पाहून अंगठा वर केला. बाईंनी त्याला नीट न्याहाळून जाऊ दिले. सारा प्रकार अर्ध्या मिनिटाचा. त्या अर्ध्या मिनिटात आम्ही मनातल्या मनात निरोप तीनदा सांगून टाकला, आणि तिन्ही वेळा आवाज चढलेला होता.

मग वरून एक निराळाच आवाज आला. दगडावर डबा आपटावा तशी खडखड. बाई हसून म्हणाल्या, "हार्डटेल." आणि तो आला. सीटवर नव्हता, पॅडलांवर उभा, गुडघे वाकलेले, कोपरे बाहेर, मान उचलून पुढची वाट वाचणारा. इतर सारे सरळ गेले होते. तो जुडग्याच्या अलीकडेच डावीकडे, उंच अंगाला सरकला. तेथे वाट लांब होती, पण मूळ एकच होते. त्या मुळाशी त्याने अंग हलके केले, जणू सायकलीला म्हणाला, तू हो पुढे. मागचे चाक मुळाला नुसते शिवून गेले. पुढच्या वळणावर तो दिसेनासा झाला.

ते अंग हलके करणे आम्ही ओळखले. नोकरीची पहिली चार वर्षे आम्ही खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात काढली. जांबोटीकडच्या रस्त्याने रोज सायकलवरून जाणे-येणे. त्या सायकलीला फोर्क दबणारा नव्हता, ब्रेकही यथातथाच. पावसाळ्यात रस्त्याचे दगड उघडे पडत. खड्डा दिसला की सीटवरून उठायचे, गुडघे सैल सोडायचे आणि भार पायांवर घ्यायचा. हे आम्हांला कोणी शिकवले नव्हते. कमरेच्या दुखण्याने शिकवले होते. ज्याच्या सायकलीत धक्का गिळणारे काही नसते, त्याला स्वतःलाच ते व्हावे लागते. आणि त्यासाठी वाट फार लांबून वाचावी लागते. आमचा मुलगा बेफाम उतरत नव्हता. तो वाचीत होता.

शर्यतीत त्याचा नंबर बासष्टावा आला. काही ठिकाणी हार्डटेलवाल्यांचा वेगळा गट असतो. येथे तो नव्हता. तरीही तो खूश होता. संध्याकाळी ट्वीडच्या काठी एका बाकावर आम्ही दोघे बसलो. मे महिन्यात तेथे रात्री आठ वाजताही चांगला उजेड असतो. नदी संथ वाहत होती. कुंद्याचा डबा मध्ये होता.

"आईनं निरोप दिलाय ना?" त्यानेच विषय काढला. "तुम्ही आल्यापासून खिशात हात घालून फिरताय."

आम्ही निरोप सांगितला. तो गप्प राहिला. मग आम्ही विचारले, "हाड मोडलं, ते सहा आठवडे का लपवलंस?"

"बाबा, येळ्ळूरगड आठवतो?"

आठवत होता. तो नववीत होता. गिअरची सायकल हवी म्हणून हट्ट धरला होता आणि आम्ही दहावीच्या गुणांची अट घालून आमची जुनी सायकल त्याला दिली होती. एका रविवारी तो ती घेऊन येळ्ळूरच्या राजहंसगडावर गेला आणि एका ब्रेकवर तो उतार उतरला. गुडघा फोडून घरी आला आणि सारे काही आपण होऊन, डोळे चमकवीत, आम्हांला सांगू लागला. आम्ही त्याचे पुरते ऐकूनही न घेता त्याच्यावर हात उगारला. रागाने नव्हे, भीतीने. पण पोराला गालावर दोन्ही सारखेच लागते. त्यानंतर तो पडला नाही असे नाही. त्यानंतर त्याने सांगितले नाही, इतकेच.

तीस वर्षे आम्ही मुलांना शिकवतो. 'खरे बोलावे' हा सुविचार फळ्यावर कितीदा लिहिला असेल. आणि आमच्याच घरात खरे बोलणाराला पहिल्याच खेपेस काय मिळाले, हे आम्हांला ट्वीडच्या काठी, अडीच दशकांनी नव्हे तरी दीड दशकाने, कळले.

आम्ही त्याला म्हटले, "त्या दिवशी आमचं चुकलं."

त्याने नदीकडे पाहत मान हलवली. थोड्या वेळाने म्हणाला, "सायकल मात्र चांगली होती हो तुमची. तिच्यावरच शिकलो."

निरोप आम्ही बदलला. सौभाग्यवतींचा शब्द बदलण्याचे धाडस संसारात पहिल्यांदाच केले. सायकल बंद कर असे म्हटले नाही. म्हणालो, "जमेल तोवर चालव. दर खेपेला आज जशी वाट वाचलीस तशी वाच. पण पडलास तर त्याच दिवशी सांग. हाड असो की नुसतं खरचटणं असो. आम्ही ओरडणार नाही." शेवटचे वाक्य उच्चारताना आमचा आवाज थोडा डळमळला, कारण ते पाळणे कठीण आहे हे आम्ही जाणून होतो.

"आई?" त्याने विचारले.

"आईचं आम्ही पाहतो," आम्ही म्हणालो. हेही पाळणे कठीणच होते.

बेळगावला परतल्यावर सारी हकीकत सौभाग्यवतींना सांगितली. मुळ्यांचा जुडगा सांगितला, तो डावीकडून कसा गेला ते हाताने करून दाखवले, समोर पडलेल्या मुलाचेही लपवले नाही. येळ्ळूरगडाचे सांगताना आम्ही खाली पाहत होतो. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग रिकामा कुंद्याचा डबा धुवायला उचलीत म्हणाल्या :

"एवढं सगळं बोललात, पुढची शर्यत कधी आहे, ते तरी विचारलंत का?"

ते मात्र आम्ही विचारले नव्हते. त्याच रात्री त्यांनी स्वतः फोन लावला.